कौन्सिलची बातमी कौन्सिलनेच द्यायची?

इंग्लंडच्या खेड्यांना स्वतःचं, लोकांनी निवडलेलं कौन्सिल असावं ही मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोर धरू लागली, तेव्हा हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड सॉल्झबरी यांनी तिची टर उडवली होती. खेडुतांची करमणूक करणं हे सरकारचं कर्तव्यच असेल, तर कौन्सिलपेक्षा सर्कस पाठवलेली बरी, असा त्यांचा सल्ला होता. मागणी तरीही मान्य झाली. १८९४ चा कायदा आला, त्याच वर्षी डिसेंबरात पहिल्या निवडणुका झाल्या आणि चर्चच्या वेस्ट्रीत बसून पाद्री नि जमीनदार जो गावगाडा हाकत होते, तो या गावच्या कौन्सिलच्या, म्हणजे पॅरिश कौन्सिलच्या, हाती आला. पार्लमेंटसाठी मत द्यायला इंग्लंडच्या बायकांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं. पॅरिश कौन्सिलसाठी त्या १८९४ मध्येच मत देऊ शकत होत्या, उभ्याही राहू शकत होत्या.

सर्कस आली, पण सव्वाशे वर्षं उशिरा. डिसेंबर २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, चेशायरमधल्या हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची सभा झूमवर भरली. सभाच बेकायदा बोलावली आहे, असं अध्यक्षांचं म्हणणं. कायद्याप्रमाणे दोन सदस्यांनाही सभा बोलावता येते, असं समोरच्यांचं. सभा चालवायला मदत म्हणून आलेल्या जॅकी वीव्हर यांनी अध्यक्षांना चक्क सभेबाहेर काढलं. 'तुम्हाला इथे काहीही अधिकार नाही, जॅकी वीव्हर' हे जगप्रसिद्ध वाक्य तिथलंच. 'स्टँडिंग ऑर्डर्स (म्हणजे सभेचे नियम) वाचा, वाचा आणि समजून घ्या' हा आरडाओरडाही तिथलाच. दोन महिन्यांनी एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यातला तुकडा ट्विटरवर टाकला आणि पुढचे काही दिवस जगाला दुसरा विषय नव्हता. पुढे चेशायर ईस्ट कौन्सिलने केलेल्या चौकशीवर ८५,००० पौंड खर्ची पडले. तिचा एक निष्कर्ष असा, की परिस्थिती समजण्यासारखी असली तरी अध्यक्षांना असं बाहेर काढण्याचा अधिकार वीव्हरबाईंना खरोखरच नव्हता. म्हणजे ओरडणारा माणूस मुद्द्यात बरोबर होता! हा निष्कर्ष किती जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचला असेल, कोण जाणे.

माझा आक्षेप हसण्याला नाही. आक्षेप याला आहे, की पॅरिशची बातमी होते ती एकतर अशा तमाशाची, नाहीतर गोग्गोड. यॉर्कशायरच्या उत्तर भागात हड्सवेल नावाचं गाव आहे. तिथला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' हा बंद पडलेला पब गावकऱ्यांनी शेअर काढून विकत घेतला, २०१० मध्ये पुन्हा सुरू केला, तिथेच छोटं वाचनालय नि दुकान थाटलं आणि पुढे त्याला देशातल्या सर्वोत्तम पबचा मान मिळाला. सुंदर गोष्ट आहे, सांगायलाच हवी. पण तमाशा आणि कौतुक यांच्या मध्ये जे वर्षभर चालतं, म्हणजे गवत कापण्याचं कंत्राट कुणाला दिलं, प्रिसेप्ट म्हणजे पॅरिशचा कर किती वाढवला, खेळाच्या मैदानाचा पैसा कुठे अडला, ते सांगायला कुणी नाही. किंवा खरं तर एकच जण आहे: कौन्सिल स्वतः. आणि माझं म्हणणं असं, की कौन्सिलची बातमी एकट्या कौन्सिलकडूनच येत असेल, तर ती बातमी नव्हेच.

आधी हे पॅरिश प्रकरण काय ते सांगते. वसई-गोव्याकडच्या वाचकांना पॅरिश म्हटलं की चर्च, फादर नि फेस्त आठवेल. इंग्लंडात पॅरिश दोन. एक चर्चचं, त्याची समिती वेगळी, हिशेब वेगळे. दुसरं नागरी; दोघांच्या हद्दी अनेक ठिकाणी जुळतसुद्धा नाहीत. मी बोलतेय ते या दुसऱ्याबद्दल. अशी पॅरिश आणि टाउन कौन्सिलं इंग्लंडभर सुमारे १०,००० आहेत आणि त्यांच्या सदस्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. सदस्यांना पगार नसतो. पगार असतो क्लार्कला, तोही बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या काही तासांपुरता. अजेंडा काढणं, मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहिणं, बिलं भागवणं, कायदा सांगणं, सगळं त्याच्या किंवा तिच्या गळ्यात. अगदी छोट्या गावांत तर कौन्सिलही नसतं, नुसती पॅरिश मीटिंग असते; तिथे येईल तो मतदार सदस्य.

कामं ऐकायला किरकोळ वाटतील. बसथांब्याचं छप्पर, बाक, झोपाळे, स्मशानभूमी, युद्धस्मारकाची साफसफाई, कुत्र्यांच्या विष्ठेच्या पेट्या, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे वाफे, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे. ब्रिटिश टेलिकॉमने बंद केलेला लाल टेलिफोनचा डबा एका पौंडाला विकत घेऊन त्यात हृदयाला शॉक देणारं यंत्र किंवा पुस्तकांचं कपाट बसवणं, हेही पॅरिशचंच. (सभा कुठे घ्यावी याचाही कायदा आहे: दुसरी योग्य जागा फुकटात किंवा परवडेल अशा दरात मिळत असेल, तर दारू विकली जाते तिथे घेऊ नये. हे लिहून ठेवावं लागलं, यातच सगळं आलं.) बांधकामाच्या अर्जांवर पॅरिशला मत देता येतं, निर्णय मात्र वरचं कौन्सिल घेतं.

पैसा येतो प्रिसेप्टमधून. पॅरिश आपल्याला वर्षाला किती लागतील ते ठरवतं आणि वरचं कौन्सिल तेवढी रक्कम कौन्सिल टॅक्सच्या बिलात घालून वसूल करून देतं. नाही म्हणायची त्याला सोय नाही. सरासरी काढली तर मधल्या म्हणजे बँड डी घरामागे हा आकडा वर्षाला नव्वद पौंडांच्या आसपास जातो. नव्वद पौंडांत काय एवढं, असं वाटेल. पण यातली मेख बघा. काउंटी किंवा डिस्ट्रिक्ट या वरच्या कौन्सिलांना ठरावीक टक्क्यांपलीकडे कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशला आजवर ही अट लावलेली नाही. जानेवारीतल्या एका थंड संध्याकाळी व्हिलेज हॉलमध्ये सात-आठ माणसं हात वर करतात आणि प्रिसेप्ट वाढतो. ही सात-आठ माणसंही पुष्कळदा निवडणूक न होताच आलेली असतात. जागा नऊ आणि अर्ज सहा आले, तर सहाही बिनविरोध. उरलेल्या तीन जागांवर कौन्सिल आपल्या पसंतीची माणसं घेतं, त्याला को-ऑप्शन म्हणतात. यात बेकायदा काही नाही. कुणी उभंच राहत नाही, तर करणार काय?

आता या सगळ्यावर वरून ओझं येतंय. सॉमरसेटमध्ये २०२३ च्या एप्रिलात चार डिस्ट्रिक्ट कौन्सिलं आणि काउंटी मोडून एकच मोठं कौन्सिल झालं, आणि नोव्हेंबरात त्याने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. मग सार्वजनिक शौचालयांसारख्या सेवा टाउन आणि पॅरिश कौन्सिलांनी घ्याव्यात, नाहीतर बंद, अशी वाटाघाट सुरू झाली. डिसेंबर २०२४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने हीच दिशा देशभर ठरवून टाकली: डिस्ट्रिक्ट हा मधला थर जाणार आणि साधारण पाच लाख वस्तीमागे एक कौन्सिल राहणार. पाच लाखांच्या कौन्सिलला तुमच्या गावातला तुटका झोपाळा दिसणार आहे का? तो पॅरिशच बघणार, आणि त्याचे पैसेही पॅरिशच गोळा करणार. थोडक्यात, अधिकार नि खर्च दोन्ही खाली सरकताहेत, त्याच थराकडे, जिथे बघायला कुणीच नाही.

पूर्वी होतं. इंग्लंडच्या स्थानिक साप्ताहिकांना गावोगाव बातमीदार असत: कुणी शाळामास्तर, कुणी विमेन्स इन्स्टिट्यूटची चिटणीस. ओळींवर पैसे मिळत. फ्लॉवर शोमध्ये पहिला नंबर कुणाच्या कांद्याचा आला इथपासून पॅरिश कौन्सिलात कोण कुणाला काय म्हणालं इथपर्यंत सगळं छापून येई. हे मी गुलाबी चष्म्यातून लिहीत नाही. त्या बातम्या पुष्कळदा कंटाळवाण्या, पुष्कळदा जमीनदाराची भीड राखणाऱ्या असत. पण छापून येणार, ही जाणीव खोलीत हजर असे. २००५ नंतर ब्रिटनमध्ये अडीचशेहून जास्त स्थानिक वृत्तपत्रं बंद पडली. जी उरली त्यांतल्या अनेकांची कचेरी पन्नास मैलांवरच्या शहरात आहे आणि जाळ्यावरच्या त्यांच्या पानावर तुमच्या गावाच्या नावाखाली शेजारच्या परगण्यातला अपघात झळकतो.

आता गंमत अशी, की दरवाजा पूर्वी कधी नव्हता इतका उघडा आहे. सार्वजनिक संस्थांच्या सभांना पत्रकारांना आणि लोकांना हजर राहता यावं, हा कायदा १९६० चा. काही कौन्सिलांनी वार्ताहरांना बाहेर ठेवलं होतं, त्यातून तो आला, आणि पार्लमेंटमध्ये तो मांडला नव्यानेच निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी. सभागृहातलं त्यांचं पहिलं भाषणच ते. पॅरिश कौन्सिलंही त्या कायद्यात आली. २०१४ च्या नियमांनी त्यापुढे जाऊन कुणालाही सभेचं चित्रण करायची, तिथूनच लिहून पाठवायची मुभा दिली. सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस नोटीस गावात ठळक जागी लावावी लागते. दर वर्षी तीस कामाचे दिवस, त्यात जुलैचे पहिले दहा, कुठलाही मतदार हिशेबाची वही, बिलं, पावत्या मागून बघू शकतो. वर्षाला २५,००० पौंडांच्या आत उलाढाल असलेल्या कौन्सिलला बाहेरच्या ऑडिटमधूनही सूट घेता येते. तिथे तर गावकऱ्याची नजर हेच ऑडिट. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी गावची वार्षिक मीटिंग घ्यावीच लागते, तीही संध्याकाळी सहाच्या आधी नाही, म्हणजे कामावरून परतणाऱ्यांना येता यावं. ती कौन्सिलची नसते, मतदारांची असते.

एवढे हक्क, आणि खुर्च्या रिकाम्या.

मी ज्या गावात राहते तिथल्या सभेचं एक चित्र देते. इंग्लंडातल्या कुठल्याही गावचं म्हणून ते खपेल. व्हिलेज हॉलमध्ये टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली. भिंतीला बॅडमिंटनचं जाळं गुंडाळून उभं. लोकांसाठी एका ओळीत सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांतल्या एकीवर मी, दुसरीवर माझी पर्स. 'लोकसहभाग' या विषयाला पंधरा मिनिटं राखून ठेवलेली. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हसत विचारलं, काही म्हणायचंय का? नव्हतं. मग बसथांबा, मग एका घराच्या माडीच्या खिडकीचा अर्ज, मग कापलेल्या हेजचा, म्हणजे कुंपणाच्या झुडपांचा, पाचोळा कुणी उचलायचा यावर वीस मिनिटं. शेवटचा विषय आला गवत आणि झाडांच्या देखभालीच्या निविदांचा. अध्यक्षांनी कागद हातात घेऊन ठराव वाचला, की व्यावसायिक गोपनीयतेमुळे या विषयापुरतं पत्रकार आणि जनता यांना वगळण्यात यावं. पत्रकार आणि जनता या दोन्ही पदांवर त्या दिवशी मी एकटीच होते. उठले, स्वयंपाकघराशेजारच्या बोळकांडीत जाऊन उभी राहिले. अध्यक्षांना खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांनी 'सॉरी' तीनदा म्हटलं.

गोपनीयतेचं कलम कायद्यात आहे आणि निविदा उघडताना ते वापरणं गैर नाही. पण नंतरचं काय? पुढच्या महिन्यात मिनिट्स आली. त्यात त्या विषयाखाली एकच ओळ होती: कंत्राट देण्याचा ठराव संमत. किती निविदा आल्या, सर्वांत कमी कुणाची, ती घेतली की नाही, कुणी विरोध केला का, काही नाही. पॅरिशच्या मिनिट्सची हीच घडण आहे. मतदान झालं तरी कोण कुठल्या बाजूला होतं हे लिहिलं जातं ते एखाद्या सदस्याने तशी मागणी केली तरच. आणि शेजारीपाजारी बसून अशी मागणी करायला तोंड उघडत नाही. 'चर्चा झाली', 'नोंद घेतली', 'पुढील सभेत विचार' या तीन शब्दप्रयोगांत इंग्लंडच्या खेड्यांचा अर्धा कारभार मावतो. कुणाचं नाव नाही, म्हणून कुणाची जबाबदारी नाही.

या मिनिट्सचंच मग वार्तापत्र होतं. बऱ्याच कौन्सिलांचं असतं, घरोघर टाकतात किंवा ईमेलने पाठवतात. मोठ्या कौन्सिलांनी वृत्तपत्रासारखी दिसणारी फुकट पत्रकं काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना मंत्री एरिक पिकल्स 'टाउन हॉल प्रावदा' म्हणत; प्रावदा हे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र. २०११ मध्ये सरकारने आचारसंहिता आणली: मोठ्या कौन्सिलांनी तीन महिन्यांतून एकदाच काढावं, पॅरिशनी फार तर महिन्यातून एकदा. कारण असं दिलं गेलं, की करदात्यांच्या पैशातून स्वतंत्र वृत्तपत्रांशी स्पर्धा नको. ठीक. पण ज्या गावात स्वतंत्र वृत्तपत्रच उरलं नाही तिथे हे मासिक पत्रक एकटंच, स्पर्धेशिवाय उरतं. त्यात खोटं नसतं, हे मुद्दाम सांगायला हवं. डॅफोडिल लावल्याचे फोटो खरे असतात, नवा झोपाळा खरा असतो. झोपाळा दोन वर्षं का रखडला होता एवढंच त्यात नसतं.

दुसरं साधन म्हणजे पॅरिश मॅगझीन, आणि हे चर्चच्या पॅरिशचं. १८५९ मध्ये डर्बीतल्या एका पाद्र्याने पहिलं काढलं म्हणतात. तेव्हापासून ही परंपरा अखंड आहे. ए-फाइव्ह आकाराची, पिना मारलेली चाळीस-पन्नास पानं. आत व्हिकारचं म्हणजे तिथल्या पाद्र्याचं पत्र, फुलं सजवण्याची पाळीपत्रकं, बागेतल्या गोगलगायींवर उपाय, प्लंबरच्या, धुराडी साफ करणाऱ्याच्या नि हीटिंगचं तेल पोचवणाऱ्याच्या जाहिराती. स्वयंसेवक पावसातून घरोघर टाकतात. मला हे मासिक मनापासून आवडतं आणि त्याचा रागही येतो. गावात एवढा खप दुसऱ्या कुठल्याच कागदाला नाही आणि हा कागद कुणालाही दुखवायचं नाही अशी शपथ घेऊन बसलेला असतो. कौन्सिलच्या बातम्यांचं पान असतं. ते लिहितो कोण? कौन्सिलचा क्लार्क.

चर्चच्या कागदाने असंच असलं पाहिजे, असा काही नियम नाही. मराठी वाचकांना हे सांगायची गरज नसावी. वसईच्या ख्रिस्ती समाजाचं 'सुवार्ता' हे मासिक आठवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक असताना वसईतल्या बेसुमार बांधकामांवर नि दहशतीवर त्याने उघड भूमिका घेतली, आणि हरित वसईची चळवळ उभी राहिली. ते धर्मगुरूच होते, मासिक धर्मसमाजाचंच होतं. त्या वाटेला जायचं तर शत्रू होतात, आणि वसईत झाले. इंग्लंडच्या गावात बिल्डरांचे गुंड नाहीत. फार तर दुकानात अध्यक्षांची बायको 'गुड मॉर्निंग' जरा थंड आवाजात म्हणेल. तेवढंसुद्धा सोसायची तयारी नसेल, तर आपण संपादक आहोत असं म्हणू नये.

फेसबुक आहे की, असं कुणी म्हणेल. आहेच. गावच्या ग्रुपवर हरवलेलं मांजर अर्ध्या तासात सापडतं, वीज गेल्याचं वीज कंपनीच्या आधी कळतं. पण 'कौन्सिलने मैदान बिल्डरला विकलं' हेही तिथेच कळतं, आणि चारशे प्रतिक्रियांनंतर कुणीतरी लिहितं, की विकलं नाही, कडेच्या पट्टीतून पाण्याची पाइप टाकायला परवानगी दिलीय. तोवर क्लार्कला शिव्या देऊन झालेल्या असतात. जिथे बातमी नसते तिथे अफवा बिनभाड्याने राहायला येते. इथे मला पॅरिशवाल्यांची बाजू पूर्ण पटते. फुकट काम करायचं, वर रात्री अकराला कुणाचीतरी पोस्ट वाचून झोप उडवून घ्यायची. लोक राजीनामे देतात ते याने. 'आधीच माणसं मिळत नाहीत, त्यात तुमचा वार्ताहर आणून बसवलात तर उरलेलीही जातील' हा त्यांचा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो खोटा नाही. तो अपुरा आहे. त्यांना छळतो तो वार्ताहर नव्हे. वार्ताहराच्या जागी बसलेला संशय छळतो. निविदा तीन आल्या, दुसऱ्या क्रमांकाची घेतली, कारण पहिल्याकडे विमा नव्हता, हे कुणीतरी तिऱ्हाइताने आधीच छापलं असतं, तर त्या चारशे प्रतिक्रियांतल्या साडेतीनशे आल्याच नसत्या.

तिऱ्हाईत म्हणजे कोण, हा खरा प्रश्न. आपल्याकडे याचं एक उत्तर आहे. मराठी दैनिकांचा तालुक्या-तालुक्यात वार्ताहर असतो. ग्रामपंचायतीच्या टाकीची गळतीसुद्धा जिल्हा आवृत्तीत येते. इंग्लंडमध्ये राहून मला त्याची किंमत जास्त कळली. पण त्याचं पोट भरतं ते पुष्कळदा जाहिरातींच्या कमिशनवर, आणि जाहिराती असतात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच फोटोवर घर चालवायचं. ते मॉडेल इकडे आणावं असं मी म्हणणार नाही. त्याच कारणासाठी पॅरिशने स्वतःच्या प्रिसेप्टमधून वार्ताहर ठेवावा, ही सूचनाही मला मान्य नाही.

मग? बीबीसी लायसन्स फीच्या, म्हणजे टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतलेल्या, पैशातून देशभरात सुमारे १६५ स्थानिक लोकशाही वार्ताहरांचा खर्च करते. ते नोकरीला असतात स्थानिक वृत्तसंस्थांकडे, त्यांच्या बातम्या सगळ्यांना वापरता येतात, आणि त्यांचं काम आहे कौन्सिलच्या सभांना बसणं. योजना चांगली आहे. फक्त ती काउंटी, बरो, डिस्ट्रिक्ट अशा वरच्या थरांसाठी आहे. पॅरिशपर्यंत ते सहसा उतरत नाहीत, उतरूही शकत नाहीत. १६५ माणसं १०,००० कौन्सिलांना कशी पुरणार? पण डिस्ट्रिक्ट मोडून जी कौन्सिलं होतील तिथे सभांची संख्याच घटणार आहे. मोकळा होणारा वेळ खाली वळवा. तीस-चाळीस पॅरिशमागे एक माणूस, तो प्रत्येक सभेला नको. प्रिसेप्ट ठरतो त्या सभेला, मोठं कंत्राट असेल त्या सभेला, आणि मधूनच न सांगता. जिथे सेवा वरून पॅरिशच्या अंगावर टाकल्या जाताहेत, तिथे टाकणाऱ्या मोठ्या कौन्सिलने या खर्चात भर घालावी, आणि पैसा बीबीसीच्या योजनेसारखा लांबून, तिसऱ्याच्या हातून यावा. कोणत्याही एका पॅरिशच्या हाती त्याची नाडी असू नये.

हे सरकारने करायचं तेव्हा करेल. तोवर दोन गोष्टी पैशाशिवाय होतात. एक, कौन्सिलने स्टँडिंग ऑर्डर्समध्ये बदल करून पैशाच्या प्रत्येक ठरावावर नावनिशी मत नोंदवावं, कुणी मागो न मागो. दुसरी, सभेचं ध्वनिमुद्रण जाळ्यावर टाकावं. कोविडमध्ये झूमवर सभा होत होत्या तेव्हा घरबसल्या लोक ऐकत होते. मे २०२१ मध्ये कायद्याची ती मुभा संपली नि सदस्यांना पुन्हा खोलीत बसणं भाग पडलं. पण ध्वनिमुद्रणाला कुणाची आडकाठी आहे?

यात आपल्या लोकांचाही एक भाग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेडिंग, स्विंडन, मिल्टन कीन्स यांच्या आसपासच्या खेड्यांच्या कडेला शेतं मोडून ज्या नव्या वसाहती झाल्या, त्यांत मराठी घरं बरीच आहेत. याच वसाहतींना गावच्या पॅरिशने अर्ज आला तेव्हा विरोध केलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊकही नसतं. ठाऊक झालं की राग येतो, आणि मग पॅरिशकडे पाठ फिरवली जाते. पण हिशेब बघा. जिथे कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही लागू आहे, तिथे नव्या घरांवर आकारलेल्या रकमेतला १५ टक्के हिस्सा पॅरिशला मिळतो, नेबरहुड प्लॅन म्हणजे गावाचा विकास आराखडा मंजूर असेल तर २५ टक्के. म्हणजे तुमच्या घरामुळे आलेला पैसा गावच्या खात्यात आहे. शिवाय वसाहतीतल्या हिरवळीच्या देखभालीसाठी खासगी कंपनीला तुम्ही वेगळं शुल्क भरता, आणि गावच्या हिरवळीसाठी प्रिसेप्टही. दुहेरी भरणाऱ्याने तरी विचारायला नको का? भारतीय पासपोर्ट असला तरी तिथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाला पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत सगळीकडे मतदान करता येतं. कायमच्या निवासाची परवानगी असेल तर उभंही राहता येतं: अनामत नाही, सूचक एक, अनुमोदक एक. गणपतीला चारशे माणसं जमवणाऱ्या आपल्या मंडळांना दोन सह्या जड नाहीत. पण उभं राहणं लांबची गोष्ट. आधी त्या सहा खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसा आणि जे ऐकलंत ते मॅगझीनला लिहून पाठवा.

आमच्या मॅगझीनच्या संपादकांना मी अर्धं पान मागितलं आहे. क्लार्कचं पान आहे तसं राहू दे, त्याच्या समोर हे अर्धं. त्यात मत नको, टोमणा नको. विषय काय होता, रक्कम किती, कोण बाजूने, कोण विरोधात, कोण गैरहजर, कुणी हितसंबंध जाहीर करून बाहेर गेलं. गवताचं कंत्राट असेल तर निविदा किती, सर्वांत कमी कोणती, घेतलेली कोणती आणि का. खाली लिहिणाऱ्याचं नाव, आणि चूक असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती. त्यांचं उत्तर आलं, की कल्पना चांगली आहे, पण आधी कौन्सिलला विचारून घेतो.